'क्रिटिकल', 'कॅप्शस', 'कार्पिंग', 'सेन्सॉरिअस' : कुठे कोणता शब्द?

समासरेघ

अति टीका करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांचा मोठा घोळका आहे : क्रिटिकल, हायपरक्रिटिकल, फॉल्टफाइंडिंग, कॅप्शस, कार्पिंग, सेन्सॉरिअस, जजमेंटल, निटपिकिंग, पिडॅन्टिक, शिवाय कॅव्हिल आणि क्विबल. कोशात पाहावं तर एकाच्या अर्थात दुसरा आणि दुसऱ्याच्या अर्थात तिसरा दिलेला असतो. इंग्रजी-मराठी कोशात सगळ्यांपुढे 'छिद्रान्वेषी' नाहीतर 'दोष काढणारा'. वाचताना तेवढ्यावर भागतं, पण स्वतः इंग्रजीत लिहायचं असेल किंवा यातला एखादा शब्द मराठीत आणायचा असेल तर भागत नाही.

मला नेमकं हवंय ते असं : एक, या शब्दांमधला फरक पटकन तपासता येईल अशी काही कसोटी आहे का? दोन, यातला कोणता शब्द स्वतःबद्दल वापरता येतो आणि कोणता दुसऱ्याबद्दलच? तीन, मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द सापडेल का, की उगीच ओढाताण होईल?

कोशकीटक

कसोटी आहे. आधी एक गोष्ट लक्षात घ्या : 'क्रिटिकल' सोडला तर यातला प्रत्येक शब्द टीका करणाऱ्यावर मारलेला शेरा आहे. 'कार्पिंग' म्हणताक्षणी टीका बरोबर की चूक हा प्रश्न मागे पडतो आणि टीका करणाराच आरोपी होतो. म्हणून शब्द निवडताना स्वतःला विचारा, या माणसाचं नेमकं काय चुकतंय? दाखवलेला दोष खरा आहे का? खरा असेल तर केवढा आहे? आणि तो दाखवण्यामागचा हेतू काय? एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक शब्द वेगळे होतात.

एकच प्रसंग घेऊ. शंभर पानांचा एक अहवाल बैठकीत चर्चेला आला आहे.

तिसऱ्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही आणि त्या आकड्यावरच मुख्य निष्कर्ष उभा आहे, असं कोणी दाखवून दिलं तर तो माणूस 'क्रिटिकल' आहे. दोष खरा, मोठा, आणि हेतू अहवाल नीट पारखण्याचा. या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'क्रिनेइन' आहे : वेगळं करणं, निवाडा करणं. त्यामुळे त्यात चांगलं-वाईट दोन्ही पारखण्याची जागा अजून शिल्लक आहे. 'क्रिटिकल थिंकिंग' म्हणजे चिकित्सक विचार, आणि 'क्रिटिकल अक्लेम' म्हणजे तर समीक्षकांनी केलेली वाहवा. भाषांतरात इथे हमखास घोटाळा होतो. मराठीत 'टीका' शब्दाचंही असंच आहे. गीतेवरची टीका म्हणजे विवरण, आणि मंत्र्यावरची टीका म्हणजे दोषदर्शन. 'क्रिटिकल'च्या पुढे 'ऑफ' आला, म्हणजे कोणावर किंवा कशावर ते सांगितलं, की अर्थ सहसा दोष दाखवण्याकडे झुकतो. नामाच्या आधी नुसता विशेषण म्हणून आला तर आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका.

दुसरा सदस्य म्हणतो, "दहा हजार लोकांची पाहणी पुरेशी नाही, दहा लाखांची हवी होती." हा 'हायपरक्रिटिकल'. याने धरलेला दोष काल्पनिक नाही. दहा लाखांची पाहणी अधिक चांगली झाली असती, हे खरंच. पण याच्या मापाने जगातला कुठलाच अहवाल उत्तीर्ण होणार नाही. हेतू वाईट असेलच असं नाही, मोजपट्टी चुकली आहे. स्वतःच्या कामाबाबत फार कठोर असणाऱ्या माणसालाही हा शब्द लागू पडतो, हे त्याचं वैशिष्ट्य.

तिसऱ्याने चाळिसाव्या पानावरचा जादा स्वल्पविराम दाखवला आणि पुढची दहा मिनिटं तसलेच स्वल्पविराम दाखवण्यात घालवली : 'निटपिकिंग'. इथे एक बारकावा हमखास सुटतो. निटपिकरने दाखवलेली चूक बहुतेक वेळा खरी असते, फक्त वेळ घालवण्याएवढी मोठी नसते. 'निट' म्हणजे लीख. शब्द विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रूढ झाला, त्यामुळे त्याचा बाज अनौपचारिक आहे. शोधनिबंधात तो खटकेल, ईमेलमध्ये नाही.

चौथा विचारतो, "तुम्ही 'बहुतेकांनी होकार दिला' असं लिहिलंय. म्हणजे उरलेल्यांचं मत तुम्ही दडपलं, बरोबर ना?" याला म्हणतात 'कॅप्शस'. लॅटिन 'कापेरे' म्हणजे पकडणं, आणि त्यावरून आलेल्या 'काप्तियो'चा अर्थ फसवा युक्तिवाद. 'कॅप्शस क्वेश्चन' म्हणजे उत्तर मिळवण्यासाठी न विचारता समोरच्याला शब्दात पकडण्यासाठी विचारलेला प्रश्न. आजच्या वापरात सापळ्याचा अर्थ थोडा मागे गेलाय आणि 'क्षुल्लक कारणावरून हरकत घ्यायला टपलेला' हा अर्थ पुढे आलाय. टपलेपण मात्र कायम आहे. निटपिकरला चूक दिसते, कॅप्शस माणूस ती शोधत बसलेला असतो. नसली तर ओढून आणतो.

पाचवा सदस्य मुखपृष्ठापासून सुरू होतो. मांडणी नको तशी, भाषा रुक्ष, तक्ते फार, मग तक्ते कमी, मागचा अहवाल यापेक्षा बरा होता. त्याला काही दुरुस्त करून हवंय असं वाटतच नाही. हा 'कार्पिंग'. या शब्दात दोन गोष्टी हव्यातच, सातत्य आणि कुजकेपणा. एकदाच केलेल्या टिप्पणीला कार्पिंग म्हटलं तर शब्द ढिला पडतो. मूळ मजेशीर आहे : 'कार्प' क्रियापद जुन्या नॉर्समधून आलं, तिथे त्याचा अर्थ बढाई मारणं, आणि मध्ययुगीन इंग्रजीत नुसतं 'बोलणं'. दोष काढण्याचा अर्थ लॅटिन 'कार्पेरे', म्हणजे खुडणं, तोडणं, याच्या प्रभावाने चिकटला. कार्प माशाशी काही संबंध नाही.

सहावा माणूस अहवाल बाजूला ठेवून तो लिहिणाऱ्यांच्या वागण्यावर घसरतो : असे लोक या कामावर नेमलेच कसे, यांची राहणी पाहा, यांच्याकडून काय अपेक्षा करायची. हा 'सेन्सॉरिअस'. विषय आचरणाचा, आणि सूर दोषी ठरवून मोकळं होण्याचा. स्वल्पविरामावर कोणी सेन्सॉरिअस होत नाही. रोममध्ये 'सेन्सॉर' हे पद परंपरेनुसार इ.स.पू. ४४३ पासून होतं. जनगणनेबरोबर नागरिकांच्या नीतिमत्तेवर लक्ष ठेवणं हेही त्यांचं काम, आणि सिनेटरचं नाव यादीतून काढायचा अधिकारही त्यांना होता. इ.स.पू. १८४ मध्ये सेन्सॉर झालेल्या थोरल्या केटोने मॅनिलियस नावाच्या सिनेटरला काढून टाकलं, कारण काय तर त्याने दिवसाउजेडी मुलीच्या देखत बायकोला मिठी मारली. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने हे नोंदवलं आहे. 'सेन्सॉरिअस' शब्दाचा सूर यापेक्षा चांगला कुठे सापडणार नाही.

उरला 'फॉल्टफाइंडिंग'. तो या सगळ्यांचा साधा, सर्वसमावेशक शब्द आहे आणि किरकिऱ्या स्वभावाकडे बोट दाखवतो. तांत्रिक लेखनात मात्र सांभाळा. विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत यंत्रातला किंवा विद्युतमंडलातला बिघाड शोधण्याच्या कामालाही हेच म्हणतात, आणि तिथे त्यात निंदेचा लवलेश नसतो.

तर्कटी

कोशकीटक यांनी कॅव्हिल आणि क्विबल सोडलेत, ते मी घेतो. मराठीतले प्रतिशब्द शोधताना न्यायदर्शनाचा, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचा, इथे खरा उपयोग होतो. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाच्या १६ पदार्थांत, म्हणजे तर्काच्या विषयांत, वाद, जल्प, वितंडा आणि छल हे चार स्वतंत्र मानले आहेत. वादात सत्य शोधायचं असतं, जल्पात जिंकायचं असतं, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडत राहायची. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटं पाडणं. ठरलेलं उदाहरण 'नवकंबल' : बोलणाऱ्याला म्हणायचंय, याच्याकडे नवं कांबळं आहे. ऐकणारा म्हणतो, कुठे आहेत नऊ, एकच तर दिसतंय!

क्विबल म्हणजे जवळजवळ हेच. शब्दाच्या दुहेरीपणाआड किंवा तपशिलाआड लपून मुख्य मुद्दा टाळायचा. सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ 'श्लेष' असाही होता, म्हणजे नाळ शब्दखेळाशीच आहे. म्हणून 'शब्दच्छल' हा प्रतिशब्द मला चपखल वाटतो.

कॅव्हिलमध्ये शब्दखेळाची अट नाही. लॅटिनमध्ये 'काव्हिल्लारी' म्हणजे टर उडवणं. आज अर्थ असा, की फुटकळ, बहुधा निराधार हरकत उपस्थित करणं. निटपिकिंगशी फरक इथे आहे : निटपिक केलेली चूक खरी पण बारीक, कॅव्हिल केलेली हरकत तपासली तर तिच्यात बरेचदा दमच नसतो. 'वितंडवाद' जवळ जातो, पण त्यात दोन बाजूंची झटापट गृहीत आहे. कॅव्हिल एकट्यानेही करता येतं, त्यामुळे मी 'फुसकी हरकत घेणं' म्हणेन.

एक शब्द मात्र या यादीत चुकून येतो, तो 'हेअर-स्प्लिटिंग'. त्यात दोष दाखवलेला नसतो. नको इतका सूक्ष्म भेद केलेला असतो. 'कर' आणि 'शुल्क' यांतल्या फरकावर तासभर बोलणारा माणूस हेअर-स्प्लिटर आहे, पण त्याने कोणाची चूक काढलेली नसू शकते. मराठीत 'शब्दांचा कीस पाडणं' अगदी हेच सांगतं, आणि 'खुसपट काढणं' हे निटपिकिंगला बसतं. दोन्ही वाक्प्रचार आपल्याकडे तयार असताना दोघांनाही 'छिद्रान्वेषीपणा' म्हणणं हा आळस आहे.

प्रूफवाचक

'क्विबल'ला सरसकट 'शब्दच्छल' करू नका, तर्कटी. क्रियापद म्हणून चालेल, पण परीक्षणाच्या शेवटी 'माय ओन्ली क्विबल' असं येतं तेव्हा लेखक स्वतःच्या आक्षेपाला नम्रपणे लहान म्हणत असतो. तिथे 'माझा एकच शब्दच्छल' लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होईल. 'एक बारीकशी तक्रार' किंवा 'किरकोळ हरकत' हवं. 'कॅव्हिल' नाम म्हणून येतो तेव्हाही हेच.

यावरून समासरेघ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. स्वतःच्या टीकेला आधीच लहान म्हणून मोकळं व्हायचं असेल तर क्विबल, निटपिक आणि थोड्या औपचारिक लेखनात कॅव्हिल हे तीन चालतात. स्वतःच्या कामाबाबत कठोर असल्याचं सांगायचं तर हायपरक्रिटिकल किंवा सेल्फ-क्रिटिकल, आणि यातला दुसरा शब्द गुण म्हणूनही येतो. कार्प फक्त नकारासह जमतं : मला उगीच कुरकुर करायची नाही, पण… या सुरात. कॅप्शस आणि सेन्सॉरिअस दुसऱ्याबद्दलच येतात. स्वतःला सापळ्यात पकडायला टपून बसलोय असं कोण म्हणेल?

आता शब्दयोगी अव्ययं, कारण लिहिताना चूक इथेच होते. क्रिटिकल आणि हायपरक्रिटिकल यांच्यामागे 'ऑफ'. कार्पमागे 'अॅट' किंवा 'अबाउट'. कॅव्हिलमागे 'अॅट'. क्विबलमागे 'ओव्हर' किंवा 'अबाउट', माणसाशी किंवा त्याच्या विधानाशी वाद असेल तर 'विथ'. दोष काढणं या क्रियेसाठी रोजच्या इंग्रजीत 'फाइंड फॉल्ट विथ' हाच प्रयोग येतो. तिथे 'इन' घातलं की वाक्य परकं वाटतं. कॅप्शसमागे सहसा काहीच लागत नाही, तो प्रश्न, शेरा, समीक्षक, सूर अशा नामांच्या आधीच शोभतो.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत 'हायपरक्रिटिकल' आणि 'हिपोक्रिटिकल' यांची. पहिला म्हणजे अति टीका करणारा, दुसरा म्हणजे ढोंगी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, तो दुसरा. हिपोक्रिटच्या मागे ग्रीक 'हिपोक्रितेस' आहे, म्हणजे नट. एक-दोन अक्षरांच्या फरकाने काटेकोर माणूस खोटारडा ठरतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलचेकर काही बोलत नाही. अंतिम वाचनात हा शब्द मुद्दाम शोधून पाहावा. 'कॅप्शस' आणि 'कप्रिशस' ही दुसरी जोडी. कप्रिशस म्हणजे लहरी. तिसरी 'कार्प' आणि 'हार्प'. 'हार्प ऑन' म्हणजे एकच तुणतुणं वाजवत राहणं, त्यात टीका असायलाच हवी असं नाही.

समासरेघ

बरंच सुटं झालं, आभार. दोन जागी अजून अडतंय. सेन्सॉरिअस आणि जजमेंटल यांत फरक काय? दोन्हींत दुसऱ्याच्या वागण्याचा निवाडाच आहे. आणि पिडॅन्टिकला निटपिकिंगपासून वेगळं कसं करायचं? शिवाय फॅस्टिडिअस, फसी, पिकी हे शब्द याच कुटुंबातले धरायचे का?

कोशकीटक

जजमेंटल मनातल्या मनात होता येतं. एका नजरेत, काही न बोलता. सेन्सॉरिअस माणसाची नापसंती सहसा बाहेर पडते, बोलण्यात, लेखनात, निदान सुरात. शिवाय जजमेंटलमध्ये 'फार लवकर, पुरती माहिती नसताना' ही छटा असते, तर सेन्सॉरिअसमध्ये 'फार कठोरपणे'. वजनातही फरक आहे. जजमेंटल हा या अर्थाने विसाव्या शतकातला, रोजच्या बोलण्यातला शब्द, समुपदेशनाच्या भाषेत त्याचा नकार 'नॉन-जजमेंटल' पक्का रुजलाय. सेन्सॉरिअस पुस्तकी आहे, त्याला असा रुळलेला नकार नाही. मराठीत पहिल्यासाठी 'मत बनवून मोकळा होणारा', दुसऱ्यासाठी 'निंदाप्रवण' किंवा वाक्य फिरवून 'ज्याला त्याला नीतीच्या तराजूत तोलणारा'. संज्ञेचा हट्ट धरला नाही तर भाषांतर सुधारतं.

स्पेलिंगचं एक : 'सेन्सॉरिअस'चं रूप 'सेन्सॉर'शी जुळतं, पण आजचा अर्थ 'सेन्शर' म्हणजे निषेध, याच्या जवळचा आहे. मजकूर कापण्याशी, म्हणजे सेन्सॉरशिपशी, त्याचा संबंध जोडू नका. सेन्सॉरिअस समीक्षकाने पुस्तकातली एक ओळही कापलेली नसते.

पिडॅन्टिकमध्ये विषय ठरलेला आहे : नियम, व्याकरण, संदर्भ, पुस्तकी ज्ञान, आणि ते दाखवण्याची हौस. जेवणाच्या ताटातला पदार्थ जागचा हलला म्हणून बोलणारा निटपिकर असेल, पिडॅन्टिक नाही. उलट 'हा शब्द मूळ लॅटिनमध्ये अनेकवचनी आहे' असं गप्पांच्या मध्ये सांगणारा पिडॅन्टिक, मग त्याने कोणाची चूक काढलेली नसली तरी. दोन्ही एकत्र येतात तेव्हा, म्हणजे बारीक चूक आणि तीही नियमाच्या नावाने, दोन्ही शब्द बसतात. अशा वेळी दोष त्या माणसाच्या विद्वत्तेच्या प्रदर्शनात आहे की वेळ घालवण्यात, ते पाहून निवडा.

प्रूफवाचक

फॅस्टिडिअस वगैरे शेजारी आहेत, कुटुंबातले नाहीत. फॅस्टिडिअस, फसी, पिकी, चूझी, फिनिकी या सगळ्यांत माणूस स्वतः काय स्वीकारतो हे सांगितलेलं असतं. दुसऱ्याला नावं ठेवणं त्यातून निघू शकतं, पण अर्थात नाही. फॅस्टिडिअस लॅटिन 'फास्तीदियुम' म्हणजे किळस यापासून आला, आज मात्र तो बरेचदा गुणवाचक आहे : टापटिपीचा, तपशिलाबाबत काटेकोर. चूझीला आपला 'चोखंदळ' चांगला बसतो, पण 'चोखंदळ'मधला मान 'पिकी'त नाही, तिथे 'नखरे' येतात. फिनिकी यंत्रालाही म्हणतात, जे जरा कमीजास्त झालं की चालत नाही त्याला. ब्रिटिश 'पर्निकेटी' आणि अमेरिकन 'पर्सनिकेटी' हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. एका लेखात दोन्ही आणू नका.

'इग्झॅक्टिंग' हा शब्द मात्र जवळ ठेवा. कडक वरिष्ठाबद्दल आदर राखून लिहायचं असेल तर तोच हवा. मोजपट्टी कडक, पण न्याय्य. हायपरक्रिटिकल लिहिलंत की तीच मोजपट्टी अन्याय्य ठरते. शिफारसपत्रात हा फरक फार मोठा आहे.

आणि 'स्केदिंग', म्हणजे जळजळीत टीका करणारा, हा शब्द या यादीत घेऊ नका. त्यात तीव्रता आहे, अतिरेक नाही. भ्रष्टाचारावरचा स्केदिंग अहवाल पूर्णपणे योग्य असू शकतो. कार्पिंग अहवाल कधीच योग्य नसतो.

तर्कटी

जीआरई, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, देणारे कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी. सेंटेन्स इक्विव्हलन्स प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखा झाला पाहिजे, आणि एकच बरोबर आला तर गुण शून्य. या शब्दगटात सापळा असा लावता येतो : पर्यायांत 'कॅप्शस' आणि 'कार्पिंग' ही एक जोडी, 'सेन्सॉरिअस' आणि 'कंडेम्नेटरी' (दोषी ठरवणारा) ही दुसरी. दोन्ही जोड्या आतून जुळतात. निर्णय वाक्य करतं. "मुख्य युक्तिवाद वाचलाच नाही, नुसत्या तळटिपांवर तुटून पडला" असं काही असेल तर क्षुल्लकपणा आलाय, पहिली जोडी. "लेखकाच्या खासगी आयुष्याची क्षमा करायला तो तयार नव्हता" असं असेल तर आचरण आलंय, दुसरी. आणि वाक्यात 'तरीही निःपक्षपाती' किंवा 'पण न्याय्य' अशी कलाटणी दिसली तर या दोन्ही जोड्या बाद. तिथे 'इग्झॅक्टिंग', 'रिगरस' अशा पारड्यातले शब्द शोधा.

पर्याय वाचण्याआधी वाक्यातलं ते कारण पेन्सिलीने टिपा, दोष क्षुल्लक की आचरणाचा की मोजपट्टीचा. मगच पर्यायांकडे जा. आधी पर्याय वाचले की सहाही शब्द 'दोष काढणारा' म्हणून सारखेच दिसू लागतात.